वेळासला राहणं, जेवणं आणि ‘पानं किती?’

पाऊलवाट
मंगळवार, रात्री ९.४०

मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण वेळासला जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली लेक आणि माझे आई-बाबा. वेळास म्हणजे मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्ह्याचं अगदी उत्तर टोक. सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे रायगड. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आम्ही गेलो होतो कासवांसाठी. त्यावर इथे आधीचे धागे आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगते आणि जिथे राहिलो, जेवलो त्याबद्दल नीट लिहिते.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं न्यायची, कोल्ही-कुत्री उकरायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संरक्षणाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. आता अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या हॅचरीत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते, ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. शनिवारी संध्याकाळी टोपल्यांखाली काही नव्हतं. रविवारी सकाळी अकरा पिल्लं होती. लेक वाळूत गुडघ्यांवर बसली ती शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत हलली नाही.

आता घराबद्दल. महोत्सवामुळे गावातल्या बऱ्याच घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली, त्यातल्याच एका घरी आम्ही उतरलो. महिनाभर आधी फोन केला तेव्हा काकूंनी नाव विचारायच्याही आधी विचारलं, “पानं किती?” मला क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनीच फोड करून सांगितली. शनिवारी दुपार, शनिवारी रात्र, रविवारची न्याहरी आणि दुपार. कोणाला गोड चालत नसेल, तिखट चालत नसेल तर आत्ताच सांगा. बाबांना मधुमेह आहे, आईचे गुडघे दुखतात, दोन्ही सांगितलं. “बरं, मग पाच पानं, त्यातलं एक बिनगोडाचं. आणि आजींना खाली बसवणार नाही,” एवढं बोलून फोन ठेवला. काही लिहून घेतल्यासारखं वाटलं नाही. पण महिन्याभरानं आम्ही पोचलो तेव्हा आईसाठी टेबल-खुर्ची मांडलेली होती आणि बाबांच्या पानात मोदकाच्या जागी भाजलेल्या पोह्याच्या पापडाचा चुरा होता, ओलं खोबरं आणि मिरची घालून. बाबा तो अजून आठवतात.

घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे सारवलेलं अंगण आणि मांडव, मग ओटी, मग माजघर. पडवीला भिंती घालून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. खाली गाद्या, वर पंखा, मच्छरदाणी. न्हाणीघर आणि संडास मागल्या दारी, दहा-बारा पावलं चालावं लागतं, पण स्वच्छ आणि एक कमोडचा. अंघोळीला बंबाचं पाणी. रात्री दोनदा वीज गेली, तेव्हा काकांनी न सांगता दारात कंदील आणून ठेवला.

जेवणाबद्दल किती लिहू? शनिवारी दुपारी केळीच्या पानावर कोवळ्या फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, वरण-भात-तूप, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. फणसाच्या भाजीत फोडणीला सुकी मिरची आणि वरून खोबरं, याशिवाय काही नसावं. पुण्यात आम्ही तीच भाजी गरम मसाला घालून करतो आणि फणसाची चव घालवतो, हे त्या दिवशी कळलं. रात्री कुळथाचं पिठलं, भात आणि उकडीचे मोदक. सकाळी घावन आणि नारळाच्या रसात गूळ कालवून. रविवारी दुपारी ओल्या काजूगरांची उसळ. वाढणाऱ्या दोघी, काकू आणि त्यांची सून. “गरम आहे तोवर घ्या” हे त्या मनापासून म्हणतात, कारण पुढचं घावन तव्यावरून थेट पानात येत असतं.

ज्यासाठी हा धागा काढला ते आता सांगते.

शनिवारी रात्री त्या घरी आमच्याशिवाय आणखी चौदा जणांचा गट यायचा होता. आठ वाजले तरी आला नाही. काकांनी दोनदा फोन लावला, उचलला नाही. साडेआठला त्यांचाच फोन आला की आम्ही खाडीच्या अलीकडेच थांबतोय, इकडे चांगली रूम मिळाली. काकू “बरं” म्हणाल्या आणि आत गेल्या. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा मोदकपात्रावर झाकण होतं, दोन परातींत मोदक मांडलेले होते, आणि सून उरलेल्या उकडीवर ओलं फडकं घालत होती. चौदा पानांचे तीन-तीन धरून बेचाळीस मोदक. एका नारळाच्या चवात दहा-अकरा मोदक होतात, म्हणजे चार नारळ फोडून, खवून, गुळात शिजवून झालेले. शिवाय चौदा जणांची पिठी, उकड, मळणं, पाऱ्या. दुपारी तीनपासून त्या दोघी तेच करत होत्या.

आगाऊ पैसे घेतले होते का, असं मी विचारलं. “ओळखीतून आले होते हो. पैसे कसे मागायचे?” एवढंच उत्तर. रात्री त्यांचा मुलगा डबे घेऊन शेजारी फिरला, एक मोठा डबा हॅचरीवर राखण करणाऱ्या पोरांना गेला. वाया एकही गेला नाही. पण त्या घराचा तो शनिवार गेला. पिल्लं बाहेर यायचा मोसम फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. सुट्टीचे वार मोजले तर असे शनिवार किती येतात?

इथे पुष्कळ जण कोकणात, मावळात, भंडारदऱ्याला घरगुती मुक्कामाला जातात. तुम्ही आकडा कसा कळवता, बदल झाला तर कधी सांगता, आगाऊ पैसे देता का, हे वाचायला आवडेल. तिथे राहून आलेल्यांचेच अनुभव लिहा, ऐकीव नकोत.

खाडीकाठ
मंगळवार, रात्री १०.१५

छान लिहिलंत पाऊलवाट. वाचून कुळथाच्या पिठल्याचा वास आला.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगतो. पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळा करून बागमांडल्याला यायचं. तिथून गाडीसकट फेरीबोटीनं खाडी ओलांडली की वेसवी, मग बाणकोट आणि पुढे वेळास. बाणकोटचा किल्ला वाटेतच आहे. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, आपल्याकडचं नाव हिंमतगड. फेरी नको असेल तर महाड-मंडणगडवरून यायचं, वळणं फार आहेत. फेरीनं जाणार असाल तर शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी विचारून ठेवा. शनिवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. ‘फेरी चुकली म्हणून आलो नाही’ हे कारण मी दोन-तीन घरांत ऐकलंय. फेरी चुकली तरी मंडणगडवरून वळसा घालून पोचता येतं, फक्त घरी तसं कळवायला हवं.

घाटमाथा
बुधवार, सकाळी ७.५०

त्या चौदा जणांनी केलं ते वाईटच. पण नाण्याची दुसरी बाजूही मांडतो, कारण मी स्वतः भोगली आहे.

गेल्या वर्षी एका किनाऱ्यावरच्या गावात (नाव लिहीत नाही) आम्ही सहा जण, महिनाभर आधी ठरवून, अर्धे पैसे भरून गेलो. पोचलो तर खोलीत दुसरेच लोक. आम्हाला ओटीवर गाद्या घातल्या, मध्ये साडीचा पडदा. पत्नीला रात्रभर झोप नाही. घरात पाहुणे सोळा, संडास एक. सकाळी पाचला रांग. मालक नम्रपणे हात जोडत होते, पण खोली काही मिळाली नाही. जेवणही पातळ झालं होतं, आमटीत पाणी कळत होतं. आम्ही आकडा दिला होता आणि पाळलाही होता.

घरगुती आहे म्हणून पाहुण्यानं सांभाळून घ्यावं, हे मला मान्य आहे. मग घरानंही आपल्या खोल्या किती, संडास किती हे सांभाळावं. दर आता हॉटेलाच्या जवळ आलेत. पावती मागितली तर तोंडाकडे बघतात. सरकारची निवास-न्याहरी योजना आहे, २०२० पासून राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आहे. नोंदणी करून घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे काही शिस्त येईल.

आगरातली
बुधवार, दुपारी ३.२०

मी सहसा नुसती वाचते. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण आमच्या घरी हेच चालतं. दापोली तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. आई आणि वहिनी करतात, मी नोकरीनं मुंबईत, मोसमात सुट्टी घेऊन जाते.

घाटमाथादादा, तुमच्या बाबतीत झालं ते चूक झालं आणि त्याला सबब नाही. ओटीवर पडदा लावून पैसे घेणं हे आमच्या घरी आई कधी करणार नाही. पण तशी घरं आहेत, हे मला माहीत आहे.

आमचं कसं सुरू झालं ते सांगते. पूर्वी पाहुणे म्हणजे वर्षाला दोन-चार, ओळखीचे. घर चालायचं ते आगरावर, म्हणजे माड आणि पोफळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूनं आत शिरलं, पण आमच्यापर्यंत सगळी किनारपट्टी झोडपून काढली. दुपारी तीन तासांत आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. पोफळ नवीन लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालवायचं? तेव्हा बाबांनी पडवीला भिंत घातली आणि आईनं फोनवर “पानं किती?” विचारायला सुरुवात केली. हो, आमच्याकडेही हाच प्रश्न. वेळासच्या काकूंचं वाचून मी आईला वाचून दाखवलं, ती हसली.

तो प्रश्न का असतो ते सांगते. गावात रोजचा बाजार नाही. भाजी आठवड्याच्या बाजाराहून किंवा दापोलीहून एसटीनं येते. दूध शेजारच्या घरून, तेही आदल्या दिवशी सांगावं लागतं. फ्रीज एक, घरचा. आकड्यावर तांदूळ निवडायचे, नारळ सोलायचे, डाळिंब्यांना वाल भिजवायचे. वाल दोन दिवस आधी भिजत घालायचे, रात्री बांधून ठेवायचे, मोड आले की सोलायचे. म्हणजे शनिवारी दुपारच्या डाळिंब्यांची तयारी गुरुवारी सुरू होते. शुक्रवारी रात्री कोणी “आणखी चार येतोय” म्हणालं तर आई नाही म्हणत नाही, पण त्या चौघांना डाळिंब्या मिळत नाहीत. आणि “चार कमी” कळलं तर सोललेल्या डाळिंब्या परत वाल होत नाहीत.

ओल्या काजूगरांबद्दल मात्र मला मनापासून सांगायचंय. आमच्याकडे दर वर्षी कोणीतरी विचारतंच, “भाजीचे वेगळे पैसे का?” ओल्या काजूच्या बीच्या सालीत तेलकट चीक असतो. तो हाताला लागला की कातडी भाजल्यासारखी काळी पडते आणि चार-पाच दिवसांनी सोलून निघते. हाताला खोबरेल चोपडायचं, विळीवर बी उभी चिरायची, काडीनं गर उचलायचा. मग गरम पाण्यात टाकून एकेका गराची पातळ साल काढायची. दहा पानांच्या उसळीला दोन बायकांचा पूर्ण सकाळचा वेळ जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या वहिनीची बोटं बघितलीत तर तुम्ही पैशांचं विचारणार नाही. बाजारात विकत घेतले तरी महागच, कारण तिथेही कोणाच्या तरी बोटांनी सोललेले असतात.

सोलकढीचंही तसंच. आमसुलं एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकले की करायची. साली वाळवायच्या, मिठाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात, असं पाच-सहा वेळा. पावसाच्या आत आटपायला हवं. वर्षभर जी सोलकढी तुम्ही पिता ती त्या तीन-चार आठवड्यांच्या उन्हातली.

आणखी एक. पाहुणे असतात तेव्हा घरची माणसं माजघरात किंवा स्वयंपाकघरात झोपतात. आई रात्री सगळ्यांत शेवटी जेवते आणि साडेचारला बंब पेटवायला उठते. तिला हे काम आवडतं, तिचे शब्द वापरायचे तर “घर भरलेलं बरं”. पण मोसम संपला की ती दोन दिवस नुसती झोपते.

आगाऊ पैशांचं: आम्ही तीन वर्षांपासून अर्धे घेतो. सुरुवातीला आईला फार जड गेलं. माणसाला जेवायला बोलवायचं आणि आधी पैसे मागायचे, तिच्या मनाला पटेना. शेवटी वहिनीनं फोन हातात घेतला. आता ठरवून ठेवलंय: चार दिवस आधी कळवलं तर पूर्ण परत, त्यानंतर जेवणाचे धरून बाकीचे परत. पावती देतो, निवास-न्याहरीत नोंदणीही आहे. घाटमाथादादा, नोंदणीचं तुमचं बरोबर आहे.

दोन_कप_चहा
बुधवार, संध्याकाळी ६.०५

आगरातली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वहिनींना नमस्कार सांगा.

मला विचारायचंय: आमच्यात दोघं कांदा-लसूण खात नाहीत आणि एक चार वर्षांचा मुलगा आहे. अशांची सोय होते का? आणि कासवं नक्की दिसतील अशी तारीख कोणती?

पाऊलवाट
बुधवार, रात्री ९.३०

दोन कप चहा, कांदा-लसणीचं फोनवरच सांगून ठेवा. तिथल्या रोजच्या स्वयंपाकात ओलं खोबरं, आमसूल, गूळ, हिंग यांवरच पुष्कळ भागतं, त्यामुळे अडचण येत नाही. सोलकढीत आणि कुळथाच्या पिठल्यात लसूण असते, तेवढी वगळून करतात. लहान मुलाला तूप-भात, मऊ भाकरी, घावन. पोरं घावनावर खूश असतात.

कासवांची तारीख कोणी सांगू शकत नाही. काकांकडे आमच्यासमोर एक गृहस्थ शनिवारी संध्याकाळी चिडून बोलत होते, की इतक्या लांबून आलो आणि पिल्लं नाहीत. काका शांतपणे म्हणाले, “अंडी मी घातलेली नाहीत हो.” कोणत्या घरट्याचे किती दिवस झाले याची नोंद तिथे असते, त्यावरून अंदाज बांधतात. वाळू किती तापली यावर दिवस मागेपुढे होतात. दोन रात्री राहिलात तर टोपली उचलायच्या चार वेळा मिळतात. लेकीनं तिथल्या मुलाकडून ‘प्रथमा’ची गोष्ट ऐकली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं, पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिलीच, म्हणून नाव प्रथमा. पिल्लं दिसली नसती तरी त्या गप्पांसाठी लेक पुन्हा यायला तयार होती.

घाटमाथा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. मी त्या बाजूनं विचार केलाच नव्हता. आम्ही फोनवर खोल्या आणि संडास किती हे विचारलं होतं, पण ते फक्त आईच्या गुडघ्यांमुळे. आता दर वेळी विचारेन.

तिरफळ
गुरुवार, सकाळी ११.१०

मालवणकडचा मी. आमच्याकडे पानाचा हिशोब जरा निराळा, कारण मासळी. डाळिंब्या गुरुवारी भिजतात, पण मासा कुठला मिळणार ते सकाळी लिलावात कळतं. म्हणून आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, “मासे खाणार किती आणि शाकाहारी किती?” मासा कोणता ते विचारून उपयोग नाही. आदल्या दिवशी “पापलेटच पाहिजे” म्हणून हट्ट धरणारे येतात, त्या दिवशी पापलेट महाग असेल किंवा नसेलच तर घरच्या बाईची पंचाईत होते. बांगडा ताजा असला तर तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं खा, पापलेट विसराल.

दुसरं म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा येऊन ताज्या सुरमईची थाळी मागू नका. त्या दिवसांत सुकी मासळी असते. सुक्या बांगड्याची चटणी, गोलमा, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज. पावसात आमच्या घरी राहायला येणाऱ्यांना मी हेच आधी सांगतो. ज्यांना पटतं ते येतात आणि पुन्हा येतात. एक जोडपं तर दर वर्षी जुलैतच येतं, फक्त पेज आणि सुक्या बांगड्यासाठी.

आणि रविवारी वडे-सागोती हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. वड्यांचं पीठ भिजवून आंबवावं लागतं. कोंबडी गावठी हवी असेल तर ती शेजारच्या वाडीतून आणावी लागते, पिशवीत पॅक केलेली नसते.

रानवाट
गुरुवार, रात्री ८.४५

कोकणाबाहेरचं एक उदाहरण. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या तोंडावर, काजवे बघायला जातात. तिथे गावानं पाहुणे आपसांत वाटून घेतलेले असतात. राहायला तंबू किंवा घर, आणि जेवायला गावातल्या वेगवेगळ्या घरी. आम्ही आठ जण होतो, चार एका घरी जेवलो, चार दुसऱ्या. ज्या घरी बसलो तिथल्या मावशींनी चुलीसमोर बसवून भाकरी थापत थापत वाढली. सोबत पिठलं, ठेचा, वरण-भात. गोड काही नाही, पण भाकरीवर घरचं तूप घालताना त्यांनी हात आखडला नाही.

एक गोष्ट मला तिथे समजली. पाळी ठरलेली असल्यामुळे आम्ही ऐनवेळी दोघं कमी झालो तर त्याचा फटका कोणत्या तरी एकाच घराला बसला असता. त्या घराची पुढची पाळी कधी आली असती देव जाणे. आमच्यातला एक जण कंटाळून “मी बाहेर मॅगी खातो” म्हणत होता, त्याला आम्ही ओढून नेला. नंतर त्यानंच चौथी भाकरी मागितली.

घाटमाथा
शुक्रवार, सकाळी ८.१५

आगरातली, तुमचं वाचलं. मोड आलेल्या वालांचं मला खरंच माहीत नव्हतं. चार दिवस आधी कळवायची तुमची अट रास्त आहे. आम्ही हॉटेलाच्या सवयीनं आदल्या रात्री माणसं वाढवतो आणि कमी करतो, तिथे कोणाचं अडत नाही.

संडासाच्या मुद्द्यावर मात्र ठाम आहे. सोळा माणसांना एक हे चालणार नाही. जिथे एकच आहे तिथे पाहुणेही सहाच घ्यावेत. पैसे जास्त घ्या, मी देईन.

आगरातली
शुक्रवार, दुपारी १.४०

दादा, पूर्ण पटलं. आमच्याकडे दोन आहेत आणि दहाच्या वर पानं आई घेत नाही. मार्चअखेर विहिरीचं पाणी खाली जातं, तेव्हा आठच. टँकर मागवून वीस पाहुणे ठेवणारी घरं आहेत, तो पैसा आम्हालाही मिळाला असता, पण मग शेजारच्या विहिरींवर ताण येतो. येणाऱ्यांना एकच विनंती आहे, समुद्रावरून आलात की वाळूचे पाय अंगणातल्या नळावर धुवा आणि एकदाच अंघोळ करा.

तिरफळ, पेज आणि सुका बांगडा वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, “त्यांच्याकडे एकदा आपण जाऊ, पाहुणे म्हणून.” तिला कोणी वाढलेलं पान मिळून कित्येक वर्षं झाली असतील. मे झाला की घेऊन येते. आकडा आत्ताच सांगते: तीन. तिघी मासे खाणाऱ्या.

तिरफळ
शुक्रवार, दुपारी २.०५

या. तीन पानं लिहून ठेवली. तारीख तेवढी कळवा.

दोन_कप_चहा
पुढच्या आठवड्यात सोमवार, रात्री १०.३०

काल वेळासहून परत आलो. सांगितल्याप्रमाणे खोल्या, संडास, कांदा-लसूण सगळं फोनवर बोलून घेतलं. सात पानं सांगितली होती. सासऱ्यांना बुधवारी ताप आला, लगेच फोन करून पाच केली, सासूबाईही घरीच राहिल्या. त्या बाईंनी आधी “आजोबांना कसं आहे आता?” हे विचारलं, पैशांचं नंतर. निघताना सासऱ्यांसाठी कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि करायची रीत सांगितली: पीठ गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओतायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि आमसूल शेवटी.

पिल्लं शनिवारी संध्याकाळी दोन, रविवारी सकाळी एकही नाही. मुलगा रविवारी रिकाम्या टोपलीखाली बराच वेळ बघत राहिला. घावनं त्यानं पाच खाल्ली.

आज पिठलं केलं. सासरे जेवले.